आधी पाय, मग सूर: डोक्याच्या आणि मणक्याच्या दुखापती टाळायला मुलांना कसं शिकवायचं

सतरा वर्षांचा मुलगा. उजव्या तळहाताला पट्टा बांधलेला, पट्ट्यात चमचा खोचलेला. पोह्यांचा घास तोंडापर्यंत न्यायचा तर तो आधी खांदा उचलतो, मग कोपर वाकवतो, मग मान पुढे आणतो. कोपर वाकतं, पण बोटं मिटत नाहीत. मानेचा पाचवा मणका फुटला होता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीत सूर मारला आणि डोकं तळातल्या गाळाखालच्या खडकावर गेलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करते. त्या मुलाला एकदा विचारलं, पाणी खाली गेलंय हे दिसलं नव्हतं का रे? तो म्हणाला, "दिसलं होतं की मॅडम. पण सगळे वर उभे होते. तेव्हा काय बोलायचं ते सुचलंच नाही."

पुढे शाळा-कॉलेजांत मी जे काही शिकवत गेले ते या उत्तरातून आलं. मुलांना धोका कळतो. त्या क्षणी तोंडात यायला हवं ते वाक्य आणि हाताला सवयीची हवी ती कृती त्यांच्यापाशी नसते. शिकवायचं ते हेच, आणि धोक्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. हा लेख शिक्षक, क्रीडाशिक्षक, तरुण मंडळांचे कार्यकर्ते आणि आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे.

भीतीचे फोटो नकोत

माझ्या पहिल्या वर्गात मी अपघातांचे फोटो पडद्यावर दाखवले होते. पुढच्या बाकांवरच्या दोन मुलींना गरगरलं, मागच्या बाकांवर हशा पिकला. हसणारी मुलं निर्दय नव्हती. अंगावर येणारं काही समोर आलं की या वयातली मुलं ते हसून झटकतात आणि "आपल्याला नाही होत" म्हणून मोकळी होतात. पुढचा-मागचा विचार करणारा, आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. मित्र बघत असले की जोखीम अजूनच हलकी वाटते. म्हणून त्या जागी दोन गोष्टी कराव्या लागतात. आत काय घडतं ते हातात देऊन दाखवायचं आणि नकार कसा द्यायचा याचा सराव घ्यायचा.

तारखा हंगाम बघून ठरवा

वर्षातून एकदा दोन तासांचं व्याख्यान ठेवून हाती फारसं लागत नाही. त्याऐवजी पाऊण-पाऊण तासाचे चार-पाच वर्ग घ्या आणि त्यांच्या तारखा आपल्या भागातल्या दुखापतींचं वेळापत्रक बघून ठरवा.

आमच्याकडे मार्चअखेर विहीर आणि नदी. दहावी-बारावीचे निकाल लागले की गाडी, कारण पेढ्यांसोबत गाडीची किल्ली हातात पडते. जुलैमध्ये दहीहंडीचे सराव. दिवाळीच्या आसपास कारखान्याची धुराडी पेटली की उसाच्या ट्रॉल्या: रात्री रस्त्याकडेला उभी असलेली, मागे दिवा किंवा चमकती पट्टी नसलेली ट्रॉली दुचाकीवाल्याला अगदी जवळ गेल्यावरच दिसते. संक्रांतीला गच्चीवरचे पतंग. कोकणात नारळ-आंब्यांवरून पडणं यात धरावं लागेल, मुंबईत लोकलचा दरवाजा. शहरातल्या शाळेने आमचं वेळापत्रक उचलू नये. आपल्या वर्गातल्या मुलांना विचारा, तुमच्या ओळखीत डोक्याला किंवा मणक्याला मार कुणाला लागला, कधी, कसा? दहा मिनिटांत फळा भरतो आणि तुमचं वेळापत्रक तयार होतं.

पहिला वर्ग: डबाभर दही

आदल्या रात्री स्टीलच्या दोन सारख्या डब्यांत काठोकाठ दही विरजा. ते घट्ट लागलं पाहिजे. पातळ दह्याचा प्रयोग फसतो, म्हणून घरी एकदा करून बघा. वर्गात दोन्ही डबे उघडून मुलांना गुळगुळीत पृष्ठभाग दाखवा, झाकणं घट्ट लावा. एक डबा कमरेच्या उंचीवरून फरशीवर सरळ पडू द्या. दुसरा तेवढ्याच उंचीवरून, पण खाली थर्माकोलच्या चुऱ्याने भरलेली जाड पिशवी ठेवून. मग झाकणं एखाद्या मुलालाच काढायला सांगा.

पहिल्या डब्याला फार तर बारीक पोचा असतो. आत मात्र दही फुटलेलं असतं, कडेने पाणी सुटलेलं असतं. मेंदू हा असाच मऊ आहे, साधारण सव्वा ते दीड किलोचा, कवटीत पाण्यासारख्या द्रवावर तरंगणारा. कवटी थांबते तेव्हा तो थांबत नाही. पुढे आपटतो, मग मागे, आणि पिळला जातो. "डोकं फुटलं नाही, रक्त आलं नाही, म्हणजे मुका मार" ही आपल्याकडची समजूत इथे मोडते, आणि ती मुलांच्या डोळ्यांदेखतच मोडावी. दुसऱ्या डब्यातलं दही बऱ्यापैकी टिकलेलं असतं. हेल्मेटमधल्या थर्माकोलचं काम इतकंच असतं: स्वतः चेपून डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळवून देणं. चेपलेलं थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्यायचं.

मणक्यासाठी शिंप्याकडून दोऱ्याची सात रिकामी रिळं आणा. मानेत मणकेही सातच. रिळांच्या भोकांतून उकडलेली लांब नूडल ओवा. रिळं सरळ रेषेत आहेत तोवर नूडल शाबूत असते. मधलं एक रीळ अर्धं बोट सरकवलं की ती तुटते. ही नूडल म्हणजे मेरुरज्जू, मणक्यांच्या पोकळीतून जाणारी मज्जेची दोरी. तो करंगळीएवढा जाड असतो आणि एकदा तुटला की हाडासारखा जुळून येत नाही. मुलांना स्वतःच्या मानेवरून बोट फिरवायला सांगा. वरच्या तीन-चार मणक्यांपाशी इजा झाली तर श्वासही आपला आपण घेता येत नाही. पाचव्या-सहाव्यापाशी झाली तर हातांची पकड जाते आणि पायही जातात. छातीच्या मागे झाली तर हात राहतात, पाय जातात. लघवी-संडासवरचा ताबा या सगळ्यांतच जातो. हे वाक्य शिक्षकांना जड जातं, पण गाळू नका. पाय जातात हे मुलांना ठाऊक असतं, हे ठाऊक नसतं.

नववीच्या वर्गात गतीचं तिसरं समीकरण (v² = u² + 2as) शिकवलेलं असतं. ते फळ्यावर मांडा आणि वेगाची उंची काढायला लावा. ताशी २० किलोमीटर वेगाने डोकं आपटणं म्हणजे पाच फुटांवरून पडणं. ताशी ४० म्हणजे सुमारे २० फूट. ताशी ६० म्हणजे ४६ फूट, चौथा मजला. वेग दुप्पट केला की उंची चौपट होते. वर्गात शांतता पसरते ती या गणिताला.

दुसरा वर्ग: हेल्मेट हातात घेऊन

आकडे मोजकेच सांगा. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्यांतल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. यात चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालं आहे. एवढं बोलून झालं की भाषण बंद करा आणि हेल्मेटं बाहेर काढा.

मुलांना घरून हेल्मेट आणायला सांगितलेलं असावं. प्रत्येक हेल्मेट या क्रमाने तपासायचं. मागे आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक आहे का? आत बोटाने दाबलं तर कडक थर्माकोल लागतं की नुसता स्पंज? रस्त्याकडेच्या स्वस्त टोपड्यांत स्पंजच निघतो, आणि तो मुलांनी स्वतःच्या बोटाने शोधला की घरी जाऊन वडिलांचं हेल्मेटही दाबून बघतात. मग शिंप्याच्या टेपने भुवयांच्या वरून डोक्याचा घेर मोजा आणि हेल्मेटवरच्या मापाशी जुळवा. हेल्मेट घालून पट्टा लावा. हनुवटी आणि पट्टा यांच्यात एक-दोन बोटंच मावली पाहिजेत. आता जोडीदाराने मागची कड धरून हेल्मेट पुढे ओढून बघायचं. निघून आलं तर अपघातातही ते डोक्याआधी रस्त्यावर पोचणार. सगळ्यात जास्त हेल्मेटं याच परीक्षेत नापास होतात, बहुतेक पट्टा सैल म्हणून. मुलींसाठी एक खास सूचना: अंबाडा आणि मोठा क्लिप हेल्मेट वर उचलून धरतात. वेणी किंवा खाली बांधलेले केस बरे, स्कार्फ पातळ आणि एकच घडी.

ओढणीचा विषय इथेच घ्या. मागे बसलेलीची ओढणी किंवा पदर चाकात गेला की एका झटक्यात गळा आवळतो आणि मान मागे खेचली जाते. बसायच्या आधी ओढणी पुढे घेऊन गाठ मारायची आणि टोकं कुर्त्यात खोचायची, ही कृती बाकावर बसून दहा वेळा करून घ्या. मळणी यंत्र, कडबाकुट्टी आणि उसाच्या रसाचा चरक यांच्याजवळही हाच नियम.

कायदा थोडक्यात सांगा, पण अचूक सांगा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पुढे बसलेल्याला आणि मागे बसलेल्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचाच परवाना मिळतो. बाजारातल्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असतात, त्यामुळे अकरावीतल्या मुलाला त्यांतली एकही कायद्याने चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे पालकसभेत सांगा. मुलांपेक्षा तिथे त्याची जास्त गरज आहे, कारण किल्ली घरातूनच मिळते.

तिसरा वर्ग: विहिरीवर, दोरी घेऊन

शक्य असेल तर हा वर्ग खरंच विहिरीवर किंवा तलावावर घ्या, पोहता येणारी दोन-तीन मोठी माणसं सोबत ठेवून. सुती दोरीच्या टोकाला दगड बांधा. दगडापासून मोजून दर तीन फुटांवर गाठ मारा. दोरी सोडून पाणी किती ते मुलांना मोजू द्या, एकाच जागी न थांबता चार ठिकाणी. विहिरीच्या तळात ढासळलेले दगड, मोटारीचा पाइप, जुनं लोखंड असतं. पाणी नऊ फुटांपेक्षा कमी, म्हणजे तीन गाठी बुडाल्या नाहीत, तर सूर अजिबात नाही. उंच काठावरून मारायचा असेल तर नऊ फूटही पुरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये उपसा सुरू असला की पाणी आठवड्यात हातभर खाली जातं, त्यामुळे गेल्या रविवारचं माप या रविवारी चालत नाही.

नियम एका ओळीचा ठेवलाय: आधी पाय, मग सूर. दिवसाची पहिली उतरण पायऱ्यांनी, तळ पायाने चाचपत. मुटका, म्हणजे अंग आवळून मारलेली उडी, तीसुद्धा खोली कळल्यावरच. गढूळ पाण्यात, पुराच्या पाण्यात आणि अनोळखी डोहात सूर नाहीच. मुलांना पाण्यापासून तोडू नका, पोहणं त्यांना यायलाच हवं. आमच्या पिढीला पांगाऱ्याचा बिंडा (तरंगणारा हलका ओंडका) पाठीला बांधून विहिरीत सोडणारी आजोबा-काका मंडळी काठावर बसून असायची. आता पोरं एकटी असतात आणि सोबत मोबाइलचा कॅमेरा असतो. कॅमेरा धरणाऱ्या मुलाला या वर्गात काम द्या: दोरी त्याच्या हातात, आणि माप घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही.

झाडांचं इथेच सांगून टाका. शेवगा आणि जांभूळ ठिसूळ, पावसात सगळीच झाडं निसरडी. दहीहंडीसाठी मंडळाच्या प्रमुखाला बोलवा. १४ वर्षांखालच्या मुलांना थरावर चढू देणार नाही, असं राज्य सरकारने २०१७ साली उच्च न्यायालयात सांगितलेलं आहे. वरच्या थरावरच्याला हेल्मेट आणि दोर, खाली गाद्या, आणि हे सगळं पहिल्या सरावापासून, नुसतं सणाच्या दिवशी नाही.

मैदानावर

क्रीडाशिक्षकांशी वेगळं बोला. क्रिकेटवेड्या मुलांना भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा यांचं सांगा. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभे असताना चेंडू डोक्याला लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले आणि तीन दिवसांनी वारले. डोक्याला मार लागून गोंधळलेला, डोळ्यांपुढे अंधारी आलेला, प्रश्नांची उत्तरं अडखळत देणारा खेळाडू त्या दिवशी परत मैदानात जाणार नाही, मग तो कबड्डीचा असो की कुस्तीचा. अंतिम सामना असला तरी नाही. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुढच्या दिवशीही नाही. हा निर्णय खेळाडूचा नसतो, प्रशिक्षकाचा असतो, आणि तो स्पर्धेआधी सगळ्यांसमोर जाहीर करून ठेवावा म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

वाक्यांचा सराव

पाऊण तासाच्या वर्गात याला निदान वीस मिनिटं द्या. मुलांच्या तिघा-तिघांच्या टोळ्या करा. एक आग्रह करणारा, एक नकार देणारा, एक बघणारा. प्रसंग त्यांच्याकडूनच घ्या: ट्रिपल सीट क्लासला जायचं, दारू प्यायलेला चुलतभाऊ लग्नातून सोडायला निघालाय, सगळे काठावर आणि "घाबरला का?" अशी हाक. नकाराचं वाक्य छोटं हवं आणि मान राखणारं हवं. उपदेश करणारं वाक्य कुणी वापरत नाही.

मुलांनीच तयार केलेली काही: "थांब, आधी मी उतरून बघतो." "तू हो पुढे, मी एसटीने येते." "दादा हळू घे, मला मळमळतंय." हे शेवटचं एका मुलीने सांगितलं. भावाला हळू चालव म्हटलं की तो जास्त ताणतो, उलटीच्या भीतीने मात्र लगेच वेग कमी करतो. वाक्य सापडलं की ते मोठ्याने, उभं राहून, पाच वेळा म्हणून घ्यायचं. वहीत लिहिलेलं वाक्य विहिरीच्या काठावर आठवत नाही, तोंडात बसलेलं आठवतं.

पालकांनाही एक वाक्य द्या. मुलाने रात्री फोन करून "आजीचं औषध आणलं का?" असं विचारलं, तर अर्थ असा की मला न्यायला या, कारण विचारू नका. न्यायला जायचं आणि त्या रात्री एक शब्दही रागावायचं नाही. रागावलात तर तो फोन पुन्हा येणार नाही.

ज्याला लागलंय त्याला बोलवा, पण नीट बोलवा

अमेरिकेत न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'थिंकफर्स्ट' या उपक्रमाचा गाभाच हा आहे: मेंदूची किंवा मणक्याची दुखापत झालेली व्यक्ती स्वतः वर्गात येऊन बोलते. माझा अनुभवही असा की मुलं डॉक्टरांचं ऐकतात आणि व्हीलचेअरवरच्या दादाला प्रश्न विचारतात.

आधी तयारी करा. वर्ग तळमजल्यावर हवा, दारात उतार हवा, व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह हवं. जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन द्या. कोणते प्रश्न चालतील, कोणते नाहीत, हे त्यांना आधी विचारा. ओळख करून देताना "बिचारा" नको आणि "आयुष्य उद्ध्वस्त झालं" तर नकोच; त्याच वर्गात एखादं अपंग मूल बसलेलं असू शकतं. सांगलीजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात देशाला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. मुलं ही गोष्ट स्वतःहून काढतात. काढू द्या. मग पाहुण्यांना त्यांच्या सकाळबद्दल विचारा: अंथरुणातून खुर्चीत यायला किती वेळ लागतो, लघवीसाठी दिवसातून किती वेळा नळी घालावी लागते, जखम होऊ नये म्हणून किती वेळाने अंग उचलावं लागतं. साधी उत्तरं पुरतात.

मार लागलाच तर

अपघातानंतर चौघांनी हातपाय धरून उचलायचं आणि रिक्षात कोंबायचं, ही आपली रीत मणक्याचं उरलंसुरलं नुकसान पुरं करते. म्हणून चटई टाकून सराव घ्या. एक मुलगा आडवा. दुसरा त्याच्या डोक्यामागे गुडघ्यांवर, दोन्ही तळहात कानांवर, डोकं आणि मान स्थिर. मान धरणाराच हुकूम देतो, बाकीचे ऐकतात. तिसरा १०८ ला फोन लावतो आणि गावाचं नाव, जवळची खूण, किती जण जखमी, हे सांगतो. गाडी येईपर्यंत हलवायचं नाही. आग किंवा पुन्हा धडक बसण्याची भीती असेल तरच हलवायचं, आणि तेव्हा तीन-चार जणांनी मिळून, डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, अख्खं अंग एकदम. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तर जागच्या जागी, ओंडका वळवावा तसं, अख्खं अंग एकदम कुशीवर करायचं. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही. पाणी पाजायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही, गाल थोपटायचे नाहीत. विहिरीत मान दुखावली असेल तर पालथ्याला उताणा करून डोकं धरून पाण्यातच तरंगत ठेवायचं. ओढून बाहेर काढायचं ते श्वास थांबला असेल तरच.

डोक्याला मार लागून उठून बसलेला माणूस तासा-दोन तासांनी कोसळू शकतो. कवटीच्या आत रक्त साठत गेलं की असं होतं. पहिले २४ तास कुणीतरी सोबत हवं. पुन्हापुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, बरळणं, न उठवता येणारी झोप, झटके, कान-नाकातून रक्त किंवा पाणी, एका डोळ्याची बाहुली मोठी, एका बाजूचा हातपाय लुळा: यातलं एक जरी दिसलं तरी सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. "कानातून रक्त आलं, बरं झालं, वाहून गेलं" असं म्हणणारे घरोघरी आहेत, त्यांचं ऐकायचं नाही. मुलांना हेही सांगा की मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव-पत्ता सांगायची त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

तीन महिन्यांनी फाटकात उभं राहा

वर्गानंतर घेतलेल्या लेखी चाचणीत सगळ्यांना दहापैकी नऊ मिळतात. त्यावरून काही कळत नाही. वर्गाच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या फाटकापाशी अर्धा तास उभं राहून मोजा: किती दुचाकी, किती हेल्मेटं, किती पट्टे लावलेले, मागे बसलेले किती. मुलांनाच मोजू द्या. तीन महिन्यांनी त्याच वेळेला, त्याच जागी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे सूचनाफलकावर लावा. आमच्याकडे पुढच्या हेल्मेटांचा आकडा आधी हलतो, मागच्यांचा उशिरा, आणि पट्ट्यांचा सगळ्यात शेवटी. म्हणून दुसऱ्या वर्षीचा वर्ग आम्ही पट्ट्यापासून सुरू करतो.

गाठींची दोरी विहिरीवरच ठेवून यायची. आमच्या एका गावात ती थारोळ्याशेजारच्या (मोटेचं पाणी पडायच्या कुंडाशेजारच्या) बाभळीला टांगलेली आहे. पहिली दोरी उन्हाने कुजली. मागच्या मेमध्ये गेले तेव्हा पोरांनी निळ्या नायलॉनची नवी बांधली होती, आणि तिसऱ्या गाठीला लाल चिंधी.